धाप लागते म्हणून बसूनच राहायचं का?

दमा असलेल्या मोठ्या माणसांनी व्यायाम करावा का, आणि डॉक्टर हल्ली ज्या 'पल्मनरी रिहॅब'ची चिठ्ठी देतात ते नेमकं काय असतं, यावर यावेळी बरीच पत्रं आलीत. सांगली-साताऱ्याकडची चार घेतेय, कारण बाकीच्यांचे प्रश्न यातच येऊन जातात.

प्रश्न: मी सांगलीत विश्रामबागला राहते, वय 54. दमा जुना आहे. दोन्ही वेळचा पंप नियमित घेते, रात्रीचा खोकला गेलाय, अ‍ॅटॅकपण बऱ्याच दिवसात नाही. पण घर दुसऱ्या मजल्यावर आणि जिना चढताना मधेच थांबावं लागतं. भाजी आणायलाही आता मुलगाच जातो. छातीच्या डॉक्टरांनी रिहॅबला जा म्हटलंय, घरचे म्हणतात दम लागतोय तर व्यायाम कशाला, गप पडून रहा. तिथं काय करतात? आणि फुप्फुसं सुधारतात का?

उत्तर: ताई, शेवटचं आधी सांगते. स्पायरोमेट्रीत नळीत फुंकून जो आकडा येतो तो रिहॅबने फारसा हलत नाही, कुणी तसं प्रॉमिस करत असेल तर विश्वास ठेवू नका. सुधारतात ते पाय. धाप लागते म्हणून आपण हालचाल कमी करतो, मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू ढिले पडतात, ढिला स्नायू थोड्याशा कामाने दमतो आणि त्याला पुरवायला श्वास जास्त घ्यावा लागतो, म्हणजे जिन्यात परत धाप, आपल्याला वाटतं दमा वाढला आणि आपण अजून बसतो. तुमचा रात्रीचा खोकला गेलाय, अ‍ॅटॅक नाही, म्हणजे औषध बहुतेक त्याचं काम नीट करतंय, मग जिन्यात जे होतंय त्यात या बसण्याचा वाटा बराच असणार. तरी डॉक्टर हिमोग्लोबिन आणि हार्ट एकदा बघून घेतील, ते बघायलाच पाहिजे, सगळी धाप दम्याच्याच नावावर टाकू नये. आणि वरचेवर स्टिरॉइडच्या गोळ्यांचे कोर्स झाले असतील तर तेही आवर्जून सांगा, जास्त दिवस घेतल्या तर त्या गोळ्यांनी स्नायू आणि हाडं दोन्ही कमजोर होतात, पंपातलं स्टिरॉइड त्या मानाने खूपच कमी असतं.

आता तिथं काय करतात. पहिल्या दिवशी सहा मिनिटं चालायला लावतात, सपाट, साधारण 30 मीटरच्या पट्ट्यात ये-जा, बोटाला ऑक्सिमीटर. धावायचं नाही, तुमच्या चालीने जेवढं जमेल तेवढं, मधे थांबलं तरी चालतं. किती मीटर झाले ते लिहून ठेवतात आणि कोर्स संपला की परत तीच टेस्ट. मग साधारण 6 ते 12 आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, तासभर किंवा थोडं जास्त. चालणं किंवा सायकल, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, रबरी पट्टा ओढणं किंवा पाण्याच्या बाटल्या उचलणं. जोर किती लावायचा? तर 0 म्हणजे धाप अजिबात नाही आणि 10 म्हणजे सहनच होणार नाही, यात धाप 4 ते 6 च्या आसपास यावी असं धरतात. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. म्हणजे धाप लागणारच आहे ताई, लागलीच पाहिजे, पण शेजारी ट्रेन्ड माणूस उभा असताना. मला विचाराल तर रिहॅबमधली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. घाबरून घाबरून माणूस जिना सोडतो, बाजार सोडतो, लग्नाला जायचं सोडतो, आणि ती भीती औषधाने जात नाही, धाप लागून परत शांत झालेली चार वेळा अनुभवली की जाते.

श्वासाचं पण शिकवतात. नाकाने घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर मारतो तसा ओठ आवळून सावकाश सोडायचा, घेतला त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. जिन्यात पायरी चढताना सोडायचा, रोखून धरायचा नाही. शिवाय पंप कसा घेता ते तुमच्याकडून करून घेतात, आणि इथं भलेभले चुकतात! दाबायच्या पंपाला श्वास सावकाश खोल आणि मग 10 सेकंद रोखायचा, रोटाकॅपला, म्हणजे कॅप्सूलमधली पावडर ओढायच्या पंपाला, मात्र जोरात खोल ओढायचा, दोन्हीचं उलटं आहे. दाबायच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंडाच्या मधे बसणारी पोकळ नळी, लावला तर औषध घशात कमी आणि छातीत जास्त जातं. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची.

घरच्यांना एवढं सांगा की मोठ्या माणसांच्या दम्यात रिहॅबचे अभ्यास झालेत, त्यात चालण्याची ताकद आणि रोजचं जगणं सुधारलेलं दिसतं. अ‍ॅटॅक कमी होतात का याचा पुरावा तेवढा पक्का नाही, त्यामुळे पंप बंद करायचा विषयच नाही, दोन्ही बरोबर. आणि कोर्स संपल्यावर सोडून दिलं तर कमावलेलं सहा महिने-वर्षात उतरतं, म्हणून आत्तापासूनच मुलाला सांगा, भाजी आता मी आणणार.

प्रश्न: मॅडम, आमचे मिस्टर तासगावजवळ बेदाण्याच्या शेडवर कामाला आहेत. फेब्रुवारीत सीझन सुरू झाला की त्यांना खोकला आणि छातीत सूं सूं सुरू होतं, गंधकाची धुरी दिली की जास्तच. रविवारी घरी असले की बरे असतात. त्यांनी हे रिहॅब केलं तर छाती तयार होईल का, म्हणजे धुरी सहन होईल का?

उत्तर: नाही हो. हे मी अगदी स्पष्ट सांगते कारण यात नुकसान होऊ शकतं. गंधक जाळला की सल्फर डायऑक्साइड तयार होतो, बेदाण्याला पिवळा रंग राहावा म्हणून तो देतात, आणि दमा असलेल्या माणसाच्या श्वासनळ्या या गॅसने मिनिटांत आवळतात, इतरांना काही होत नाही इतक्या कमी प्रमाणातसुद्धा. त्यात माणूस कष्टाचं काम करत असला, तोंडाने श्वास घेत असला, की गॅस अजून आत जातो. व्यायामाने याची सवय होत नाही. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, धुळीचा एन-95 मास्क धूळ अडवतो, हा गॅस नाही.

रविवारी बरं वाटतं हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे, डॉक्टरांना हेच पहिलं वाक्य म्हणून सांगा. पीक फ्लो मीटर नावाची साधी नळी मिळते, फुंकलेली हवा किती वेगाने बाहेर पडते ते ती मोजते, दोन-तीन आठवडे दिवसातून चार वेळा फुंकायचं, दरवेळी तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस दोन्ही. कामावर आकडा पडतो आणि घरी चढतो असं दिसलं की डॉक्टरांच्या हातात पुरावा येतो. मालकांशी बोलताना पण तो कागद कामाला येईल. धुरीच्या वेळी त्यांना शेडपासून लांब, प्रतवारी किंवा पॅकिंगला ठेवता येतं का ते विचारा. रोजगार बुडवून घरी बसा असं मी म्हणणार नाही, मला कळतं सीझनची मजुरी म्हणजे काय ते, पण धुरीचं काम त्यांनी करू नये. आधी दमा काबूत, मग रिहॅब. सूं सूं चालू असताना सुरू करायचंच नाही.

प्रश्न: सातारा, शाहूपुरी. वय 61, सौम्य दमा. रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जातो, चढताना ठीक असतं पण वर जाऊन बसलो की पाच-दहा मिनिटांनी छाती आवळते. चढणं बंद करू का?

उत्तर: काका, बंद नको. व्यायामाने श्वासनळ्या आवळतात ते बरेचदा असंच येतं, थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत जोर धरतं आणि मग अर्ध्या-एक तासात उतरतं. थंड कोरडी हवा हे त्याचं मोठं कारण, आणि हिवाळ्यात पहाटे गडावर काय हवा असते ते तुम्हाला मी सांगायला नको. थेट चढाला लागू नका, खाली सपाटीवर 10-15 मिनिटं हळूहळू वेग वाढवत चाला. थंडीत नाका-तोंडावर मफलर, आणि जमलं तर ऊन पडल्यावर निघा. वर पोचल्यावर एकदम बसू नका, रमतगमत फिरा. ऊसतोड झाल्यावर पाचट पेटवलेलं असेल आणि धूर खाली बसला असेल त्या दिवशी घरातच खुर्चीचे व्यायाम करा.

पण एक. रोज असं होतंय म्हणजे रोजचं औषध कमी पडतंय किंवा तुम्ही ते घेतच नाही, फक्त तडकाफडकी आराम देणारा पंप खिशात ठेवता, असं तर नाही ना? नुसत्या त्या पंपावर दमा चालवणं 2019 पासून जागतिक गाईडलाइनमधून काढून टाकलंय, कारण त्याने आतली सूज कमी होत नाही. डॉक्टरांना भेटा, चढण्याआधी कुठला पंप घ्यायचा ते तेच ठरवतील. छाती आवळण्याऐवजी दुखत असेल, डाव्या हातात जात असेल, घाम सुटत असेल तर मात्र तो दमा समजू नका, आधी ईसीजी. आणि गडावर एकटे जाऊ नका. पंप घेऊनही आराम नाही, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतायत, तर वाट न बघता 108.

प्रश्न: प्राणायाम करते, तो पुरेल ना? की रिहॅब लागेलच? आणि मिरजेला जाऊन करावं लागेल का? (इस्लामपूर)

उत्तर: संथ श्वासाचा प्राणायाम चांगला, त्याने श्वास शांत होतो आणि बऱ्याच जणांना बरंही वाटतं. कपालभाती-भस्त्रिका जोरात केली की काहींना धाप लागते, तसं होत असेल तर सोडा, कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, तेही ओढूनताणून नको. पण प्राणायामाने मांड्या तयार होत नाहीत, त्याला चालावंच लागतं.

मिरज-सांगलीत मोठी हॉस्पिटलं आहेत, तिथं छातीच्या ओपीडीत किंवा फिजिओथेरपी विभागात 'पल्मनरी रिहॅब आहे का' असं नाव घेऊनच विचारा, नुसतं 'व्यायाम' म्हटलं तर कंबरेचे व्यायाम देतील. आठवड्यातून तीनदा इस्लामपूरहून जाणं जमत नसेल तर पहिली तपासणी आणि चालण्याची टेस्ट तिथं करून घ्या, प्रोग्राम लिहून आणा, घरी करा आणि व्हिडिओ कॉलवर फिजिओथेरपिस्टला दाखवा, असंही आता करतात. डायरीत रोजची मिनिटं आणि धाप किती लागली तो आकडा लिहा, पुढच्या भेटीत त्यावरूनच वाढवून देतील.