नोटीस आली म्हणून ओपन सोर्स काढून टाकायचं का?

तुमचे साहेब म्हणतायत वकिलाची नोटीस आलीय तर ती ओपन सोर्स लायब्ररी (म्हणजे खुल्या लायसन्सवर मिळणारा तयार कोड) आजच काढा, आणि तुम्ही विचारताय बाकीच्या कंपन्या अशा वेळी काय करतात. बहुतेक जण आधी दम धरतात. एससीओ या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण नवीन पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो.

मार्च 2003 मध्ये अमेरिकेत युटातल्या या कंपनीनं आयबीएमवर केस ठोकली की आमच्या युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कोड लिनक्स या ओपन सोर्स सिस्टिममध्ये घुसवलाय. मे महिन्यात जवळपास 1500 मोठ्या कंपन्यांना पत्रं गेली की लिनक्स वापरताय तर तुम्हीही अडकू शकता, आणि ऑगस्टमध्ये लायसन्सचा रेटही निघाला, एका प्रोसेसरच्या सर्व्हरला 699 डॉलर. नेमका कोणता कोड ते उघड सांगायचं नाही, बघायचाय तर गुप्ततेच्या करारावर सही करा! त्याच महिन्यात लास व्हेगासच्या मेळाव्यात स्लाइडवर थोडा कोड दाखवला, त्यातला काही भाग ग्रीक फॉन्टमध्ये, म्हणजे कुणाला वाचता येऊ नये. लोकांनी ती अक्षरं परत फिरवली तर निघालं बर्कली पॅकेट फिल्टर, म्हणजे नेटवर्कचा डेटा गाळणारा कोड, तोही बीएसडी नावाच्या खुल्या लायसन्सवाला, कुणीही वापरावा असा. हसं झालं नुसतं.

बहुतेक कंपन्यांनी पैसे दिले नाहीत. एका होस्टिंगवाल्यानं 2004 मध्ये लायसन्स घेतलं, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या आणि नंतर त्यांचा प्रमुखच म्हणाला की परत असं करणार नाही. बाकीच्यांनी लिनक्स विकणाऱ्या व्हेंडरला धरलं, की भाऊ तुझ्याकडून लिनक्स घेतलंय, जबाबदारी लिहून दे. मग एचपीनं सप्टेंबर 2003 मध्ये आणि नोव्हेलनं जानेवारी 2004 मध्ये नुकसानभरपाईची हमी दिली, रेड हॅट म्हणालं वादग्रस्त कोड निघालाच तर बदलून देऊ. माझ्या मते खरा फरक या कागदांनी पडला, कारण खरेदी खात्याला तत्त्वज्ञान नको असतं, सही लागते.

मोटारी बनवणाऱ्या डेमलरक्रायस्लरची गंमत वेगळीच. एससीओनं त्यांच्यावर केलेली केस 2004 मध्ये जवळजवळ सगळी उडाली, उरला फक्त एवढाच मुद्दा की युनिक्सच्या लायसन्सबद्दल एससीओनं पाठवलेल्या पत्राचं उत्तर वेळेत दिलं का नाही! म्हणून सांगतो, नोटीस ड्रॉवरमध्ये ठेवू नका. एससीओ 2007 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि 2010 मध्ये ज्युरीनं सांगितलं की युनिक्सचे कॉपीराइट नोव्हेलकडेच आहेत, म्हणजे पत्रं पाठवणाऱ्याचं सातबाऱ्यावर नावच नव्हतं.

तर तुम्ही वकिलामार्फत लेखी विचारा, कुठली फाइल, कुठल्या ओळी, हक्क तुमचाच याचा पुरावा काय. इंजिनिअर लोकांनी परस्पर मेल टाकू नये, चॅटवर "हो आपण कॉपी केलं असेल" असली बडबड तर अजिबात नको. सपोर्ट विकत घेतला असेल तर करारात हमीचं कलम बघा, फुकट डाउनलोड केलं असेल तर तिथे नो वॉरंटी लिहिलेलंच असतं. आणि जीपीएलचा (प्रोग्रॅम पुढे दिला तर त्याचा सोर्स कोडही द्या म्हणणाऱ्या लायसन्सचा) सोर्स दिला नाही म्हणून नोटीस असेल तर मात्र भांडत बसू नका, तिथे चूक बहुतेक आपलीच असते, सोर्स देऊन मोकळे व्हा. तुमची नोटीस कॉपीराइटची आहे का पेटंटची ते लिहिलंच नाहीये, ते सांगा, पेटंट असेल तर वरचं निम्मं लागू नाही.