ख्रिस्ती पुढारी म्हणून आपलं व्हिजन लोकांपुढे कसं मांडावं?

तुम्ही लिहिलंय की तरुण संघाचं पुढारीपण नुकतंच तुमच्याकडे आलंय आणि देवाने मनात घातलेलं लोकांच्या गळी कसं उतरवावं ते कळत नाही. 'गळी उतरवणं' हे शब्द तुमचे. मी तिथेच अडलो, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

मी आमच्या मंडळीच्या पंचकमिटीचा, म्हणजे कारभार बघणाऱ्या समितीचा, सेक्रेटरी होतो. एका रविवारी उपदेश संपता संपता पाळकसाहेबांनी पुलपिटवरून जाहीर केलं, बुधवारची प्रार्थनासभा बंद, तिच्या जागी दहा घरगट, म्हणजे घरोघरी भरणारे छोटे गट. "देवाने मला दाखवलंय." झालं. देवाने दाखवलंय म्हटल्यावर हात कोण वर करणार?

ती बुधवारची सभा 19 वर्षं आमच्या घरी भरत होती. आईला हे बाकावर बसल्या बसल्या, सगळ्यांबरोबर कळलं. सेक्रेटरीलाही तेव्हाच कळलं, पण माझं सोडा. पुढच्या बुधवारी तिने सवयीने सतरंजी अंथरली, घटकाभर तिच्यावर बसली आणि गुंडाळून ठेवली.

कमिटीत मी विचारलं, दहा गट चालवणारे दहा जण कोण? "थोमासारखं करू नका," असं उत्तर आलं; म्हणजे येशूच्या त्या संशयी शिष्यासारखं. सगळे हसले. लाजराकडे जायला निघताना 'आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ' असं म्हणणारा थोमाच होता (योहान 11:16), हे मला घरी पोहोचल्यावर सुचलं. इतकी वर्षं झाली, अजून सुचतंय.

दहापैकी चार गट सुरू झाले, टिकला एक.

त्याच महिन्यात उपदेशमाला नहेम्यावर चालू होती, यरुशलेमेची भिंत पुन्हा बांधून घेणाऱ्या जुन्या करारातल्या पुढाऱ्यावर! नहेम्या यरुशलेमेत आल्यावर तीन दिवस गप्प राहिला. मग रात्री मोजकी माणसं घेऊन पडकी भिंत हिंडून पाहिली, आणि मनात काय आहे ते कोणाला सांगितलं नाही. आमच्या साहेबांनी यातलं न सांगणं तेवढं उचललं, भिंत हिंडून बघणं राहिलं. नहेम्या बोलला तेव्हा त्याने सुरुवात केली ती लोकांना रोज दिसणाऱ्या गोष्टीपासून: आपली काय दुर्दशा झालीय ते तुम्ही बघताच आहात. 'तुमची' नव्हे, 'आपली'. देवाचा हात आणि त्याला पाठवणाऱ्या राजाचा शब्द हे त्यानंतर.

नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय नुसती नावांची यादी म्हणून लोक गाळतात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. कोणी कुठला भाग बांधला ते एकेक करून लिहिलंय, आणि त्यातले कित्येक जण आपापल्या घरासमोरचाच भाग बांधत होते. तकोव्याच्या सरदारांनी खांदा दिला नाही, तेही नोंदवलंय. भिंत अर्धी उठली तेव्हा लोक म्हणाले, मातीचे ढीग फार आहेत, आमच्याच्याने होत नाही. पुढे गरिबांनी गहाण-कर्जाचं गाऱ्हाणं आणलं, तर नहेम्याने सावकारांना सभेत उभं करून ते सोडवलं. भिंत 52 दिवसांत पुरी झाली. 52 दिवस सगळ्यांना तोंडपाठ, गाऱ्हाणं कोणाला आठवत नाही.

आणि नीतिसूत्रे 29:18, 'दृष्टांत नसेल तर लोक अनावर होतात', हे पोस्टरवर छापू नका. तिथला दृष्टांत म्हणजे पुढाऱ्याची पंचवार्षिक योजना नव्हे, देवाने दिलेलं प्रकटीकरण. त्याच वचनाचा पुढचा अर्धा भाग नियमशास्त्र पाळणाऱ्याबद्दल आहे, तो मात्र कोणत्याच पोस्टरवर दिसत नाही.

नवं काय सुरू होणार हे सांगायला सगळ्यांनाच आवडतं. बंद काय होणार, आणि ते आजवर कोणी सांभाळलं, हे आधी बघा. त्या माणसाच्या घरी जाऊन सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. एकदा सांगितलं की झालं असंही समजू नका. मार्काच्या शुभवर्तमानात येशूने आपल्या दुःखसहनाबद्दल शिष्यांना तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगून होतंय तोच याकोब आणि योहान त्याच्या उजव्या-डाव्या बाजूच्या मानाच्या जागा मागायला आले.

आता एक कबूल करतो. घरगटांची कल्पना चुकीची नव्हती. पुढच्या पाळकांनी तेच केलं, घरोघर बसून केलं, आणि ते चाललं. आधीचे साहेबही वाईट नव्हते; वडील गेले त्या रात्री पहाटेपर्यंत ते आमच्या घरी होते. शिवाय मी स्वतः तरुण संघ चालवला तेव्हा सगळ्यांना विचारत सुटलो. बैठकांवर बैठका झाल्या, निर्णय एकही नाही. कर्णा अस्पष्ट वाजला तर लढाईला कोण तयार होणार, असं पौलाने करिंथकरांना विचारलं होतं. तो कर्णा त्या वर्षी माझ्याच हातात होता. म्हणजे एकट्याने ठरवू नका, पण ठरवा.

तुमच्या संघात आत्ता काय काय चालू आहे आणि ते कोण चालवतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवलंत तर पुढचं सांगता येईल.