खासगी नफ्यासाठी सोडत (रॅफल) काढायला कायद्यानं परवानगी द्यावी का?

नाही, निदान सरसकट तरी देऊ नये. समजा, एक हजार तिकिटांत बक्षिसाची किंमत वसूल होते आणि आयोजकानं तीन हजार खपवली. मग तिकीट घेणाऱ्यांच्या खिशातून गेलेल्या पैशाचा जेमतेम तिसरा हिस्सा बक्षीस म्हणून परत येतो. शिवाय एकूण तिकिटं किती गेली, हे फक्त आयोजकालाच ठाऊक! मला यातली ही लपवालपवीच सगळ्यात घातक वाटते. ब्रिटनच्या २००५ च्या जुगार कायद्यानुसार खासगी फायद्यासाठी सोडत काढता येत नाही; संस्थांच्या मोठ्या सोडतींनाही जमलेल्या रकमेतले किमान २० टक्के संस्थेच्या कामासाठी द्यावे लागतात. मात्र निव्वळ बंदीनं हा धंदा थांबत नाही. पोस्टानं फुकट भाग घ्यायची सोय ठेवली की त्याच कायद्यात ती सोडत 'लॉटरी' ठरत नाही, आणि तिथे घरं-गाड्यांच्या सोडती याच वाटेनं नफ्यासाठी चालतात. म्हणून परवानगी द्यायचीच झाली तर या अटी हव्यातच:

- तिकिटांची कमाल संख्या आधीच जाहीर
- बक्षीस किंवा त्याची रक्कम त्रयस्थाकडे जमा
- तिकिटं खपली नाहीत म्हणून तारीख पुढे ढकलायची नाही