कोकोची फळे काळी पडतात: जिवाणूंची पावडर कुठे उपयोगी, कुठे नाही

दोडामार्गच्या तुमच्या वाडीत पोफळींमध्ये लावलेल्या कोकोची फळे दर पावसाळ्यात काळी पडतात. स्यूडोमोनास या उपयुक्त जिवाणूची पावडर आळ्यात घातली तर हे थांबेल का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता झाडावर असलेली फळे त्या पावडरीने वाचणार नाहीत. पण म्हणून पावडर फुकट नव्हे. तिचं काम दुसरीकडे आहे.

आधी फळ नीट बघा. बोटाएवढी कोवळी फळे पिवळी पडून, सुकून काळी होत असतील आणि गळून न पडता खोडालाच चिकटून राहत असतील, तर तो बहुतेक रोग नसतो. झाडाला जेवढी फळे पोसता येतात तेवढीच ते ठेवतं, बाकीची वाळवतं. त्यावर कोणताही जिवाणू चालायचा नाही. खरी काळी कूज मोठ्या फळांवरही येते. देठाकडून, टोकाकडून किंवा मध्येच चॉकलेटी डाग उठतो, अंगठ्याने दाबला तरी टणक लागतो, त्याची कड रोज पुढे सरकते आणि दोनेक आठवड्यांत अख्खं फळ काळं होतं. दमट सकाळी त्यावर पांढुरका थर दिसला की शंका उरत नाही.

हा फायटोफ्थोरा पामिव्होरा, बुरशीसारखा रोगकारक. माडाचा कोंब कुजवतो तोही हाच, आणि सुपारीचा कोळेरोग त्याच्या भावकीतला. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. पावसाच्या थेंबांबरोबर मातीतून उडून ते खालच्या फळांवर बसतात आणि काळ्या फळावरून ठिबकणाऱ्या पाण्यातून शेजारच्या फळांवर जातात.

मुळांभोवती राहणारा स्यूडोमोनास फ्ल्युओरेसन्स मातीतलं लोह स्वतःकडे ओढतो, त्यामुळे रोगकारक उपाशी राहतो. तो प्रतिजैविकं सोडतो, त्याचे काही वाण पोहणारे बीजाणू फोडणारे पदार्थही बनवतात, शिवाय झाडाची प्रतिकारशक्ती जागी होते ती वेगळीच. पण यातली थेट झुंज मुळाला लागून, काही मिलिमीटरच्या आत चालते. खोडावर छातीच्या उंचीवर लागलेल्या फळापर्यंत हा जिवाणू पोचत नाही.

मग फळांवरच फवारला तर? आपल्याकडे 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात स्यूडोमोनास सालीवर टिकणं कठीण. बॅसिलस हा दुसरा जिवाणू जास्त चिवट. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात भाजीपाल्यातून वेगळे केलेले बॅसिलस, पानावर पाणी पसरवणाऱ्या द्रव्यासह, कोकोच्या रोपांवर फवारले. त्यातला एक वाण दोन महिन्यांहून जास्त काळ टिकून राहिला आणि पानांवर रोगाचा जोरही कमी पडला. पण ती काचघरातली रोपं होती, आषाढातली वाडी नव्हे.

म्हणून माझं ठाम मत असं की जिवाणू रोपवाटिकेत वापरावेत. पिशवी भरतानाच, चांगल्या कुजलेल्या शेणखतात पावडर कालवून, ते खत सावलीत ओलसर ठेवून मग मातीत मिसळायचं. मुळं फुटतील तसा जिवाणू त्यांच्यावर वस्ती करतो, नंतर येणाऱ्या रोगकारकाला जागा मिळत नाही. कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेने कोकोच्या रोपांसाठी स्यूडोमोनास पुटिडाची पावडर काढलीय, कोको प्रोबायो नावाची. ती मुख्यतः वाढीसाठी आहे, पण नव्या लागवडीला मी तीच सुचवेन.

या हंगामात मात्र कोयता हाती घ्या. काळी फळे दर आठवड्याला तोडून वाडीबाहेर खोल पुरा. झाडाखाली टाकलीत तर रोग तिथेच मुक्काम करतो. फांद्या विरळ करून वारा खेळता ठेवा. उघडीप मिळाली की एक टक्का बोर्डो फवारा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. कोळेरोगासाठी तुम्ही करत असाल तेच मिश्रण.

बोर्डो आणि जिवाणू एका पंपात कधीही घालू नका, तांबं जिवाणूंनाही मारतं. फवारणीचं पाणी आळ्यातही निथळतं, त्यामुळे मोठ्या झाडांना पावडर द्यायचीच असेल तर फवारण्या संपल्यावर, ऑक्टोबरात, जमिनीत ओल असताना शेणखतातून द्या. घेताना पाकिटावरची तारीख बघा. स्यूडोमोनास बॅसिलससारखे टिकाऊ बीजाणू करत नाही, तापलेल्या गोदामात राहिलेल्या पाकिटात तो बहुतेक मेलेलाच असतो.