कॅनडात नवा ट्रकचालक: परवान्यानंतरचे पहिले वर्ष

तुम्ही विचारले आहे की भारतातील अवजड वाहनाचा परवाना आणि बऱ्याच वर्षांचा अनुभव हाताशी असताना कॅनडात ट्रकचालक म्हणून सुरुवात कशी करावी, आणि नोकरीचे पत्र मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटावर विश्वास ठेवावा का. मी ऑन्टारियोत हे काम करतो, त्यामुळे पुढील तपशील मुख्यतः याच प्रांताचे आहेत. वाहन परवाने येथे प्रांत देतात, म्हणून दुसऱ्या प्रांतात जाणार असाल तर तेथील नियम स्वतंत्रपणे तपासावे लागतील.

आधी एजंटाविषयी. परदेशी कामगार नेमण्यासाठी मालकाला बहुतेक वेळा केंद्र सरकारकडून एलएमआयए नावाची मंजुरी घ्यावी लागते. तिचे दर जागेमागे १,००० डॉलर शुल्क मालकाने भरायचे असते आणि ते कामगाराकडून वसूल करण्यास मनाई आहे. तेव्हा त्या पत्रासाठी तुमच्याकडे लाखो रुपये मागितले जात असतील, तर पत्र खरे निघाले तरी व्यवहार गैर आहे, आणि तो उघडकीस आल्यावर सर्वांत जास्त नुकसान तुमचेच होईल.

परवान्याचा मार्ग लांब असला तरी सरळ आहे. भारतातील अवजड परवाना येथे बदलून मिळत नाही. प्रथम साध्या मोटारीचा पूर्ण, म्हणजे जी वर्गाचा परवाना मिळवावा लागतो आणि त्यानंतर ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकसाठी ए वर्गाचा. त्याला एअर ब्रेकची झेड ही नोंद जोडून घ्यावी लागते. नेत्रतपासणी, वैद्यकीय अहवाल आणि लेखी परीक्षा या पायऱ्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. प्रशिक्षण मात्र महत्त्वाचे आहे. ऑन्टारियोने जुलै २०१७ पासून ए वर्गासाठी किमान १०३.५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. पुढे एप्रिल २०१८ मध्ये सास्काचेवानमध्ये एका नवख्या चालकाचा ट्रक ‘थांबा’ अशी पाटी न थांबता ओलांडून गेला आणि हम्बोल्टच्या तरुण हॉकी संघाच्या बसशी झालेल्या त्या अपघातात १६ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर पश्चिमेकडील प्रांतांनीही तशीच सक्ती आणली. हे तास किमान आहेत, पुरेसे नव्हेत. त्यामुळे शाळा निवडताना शुल्कापेक्षा, प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्यक्ष चाकामागे किती वेळ मिळतो आणि ट्रेलर मागे घेण्याचा सराव किती करून घेतला जातो, हे विचारावे.

मागे घेण्याचा उल्लेख मुद्दाम केला, कारण भारतातील अनुभवी चालकही येथे नेमका तिथेच अडतो. स्टिअरिंग डावीकडे, मागे सांध्याने जोडलेला ५३ फुटांचा ट्रेलर, आणि मागे उभे राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा क्लीनर नाही. गोदामाच्या डॉकला ट्रेलर लावताना शंका आली की ब्रेक लावून खाली उतरावे, चालत जाऊन पाहावे आणि पुन्हा चढावे. यात कमीपणा मानणारा चालकच शेवटी शेजारच्या ट्रकचा आरसा मोडतो.

कामाच्या तासांचे नियम काटेकोर आहेत. साठाव्या अक्षांशाच्या दक्षिणेस दिवसाला जास्तीत जास्त १३ तास ड्रायव्हिंग आणि सर्व मिळून १४ तास काम करता येते. विश्रांती १० तासांची असते, त्यातील आठ तास सलग. आंतरप्रांतीय वाहतुकीत ही नोंद सहसा ट्रकमधील इलेक्ट्रॉनिक यंत्रच ठेवते, त्यामुळे ‘रात्रभर चालवून पोहोचतो’ हा हिशेब येथे चालत नाही. गोदामात माल उतरण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळही बहुधा याच तासांतून वजा होतो, आणि पगार मैलावर असेल तर त्या वेळेचे पैसे मिळतात की नाही हे कंपनीवर अवलंबून असते. मुलाखतीत हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

पण माझ्या मते परवान्यापेक्षा पहिली कंपनी निवडणे अधिक कठीण आहे. नवख्या चालकाचा विमा महाग पडत असल्याने अनेक कंपन्या दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात, आणि या अडचणीचा फायदा घेणारेही आहेत. ‘स्वतःच्या नावाने कंपनी काढा, आम्ही काहीही न कापता पूर्ण रक्कम देऊ’ असे कोणी सांगितले तर सावध व्हावे. ट्रक त्यांचा, मार्ग त्यांचा आणि वेळापत्रकही त्यांचेच असेल, तर तुम्ही प्रत्यक्षात नोकरच असता. मात्र कागदावर नोकर नसल्यामुळे पगारी रजा, बेरोजगारी विमा आणि मालकाकडून भरला जाणारा निवृत्तिवेतनाचा हिस्सा हातचा जातो, आणि कर खात्याने तपासले तर करही जास्त भरावा लागू शकतो. थोडा कमी दर देणारी, पण पगारपत्रकावर घेऊन काही आठवडे अनुभवी चालकाबरोबर पाठवणारी कंपनी मी केव्हाही पसंत करीन. विशेषतः पहिल्या हिवाळ्यात, जेव्हा सुपीरियर सरोवराच्या काठाने जाणाऱ्या १७ क्रमांकाच्या महामार्गावर बर्फाचा पारदर्शक थर कोरड्या डांबरासारखा दिसतो, तेव्हा शेजारी जाणता माणूस असणे फार मोलाचे ठरते.

अमेरिकेच्या फेऱ्यांचा विचार सुरुवातीला बाजूला ठेवावा. कॅनडाचे कायमस्वरूपी रहिवासी झालात तरी भारतीय पारपत्रावर अमेरिकेचा व्हिसा लागतोच, आणि तेथे जून २०२५ पासून इंग्रजी पुरेसे न येणाऱ्या चालकाला तपासणीत जागीच थांबवले जाऊ शकते.

निघण्यापूर्वी आरटीओकडून परवान्याचा अधिकृत उतारा अवश्य घ्यावा. परवाना प्रथम कधी मिळाला आणि कोणत्या वाहनांसाठी आहे हे त्यात स्पष्ट असावे. ऑन्टारियोत एका वर्षापेक्षा जास्त परदेशी अनुभव दाखवायचा असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयाचे किंवा वकिलातीचे लेखी प्रमाणपत्र लागते, आणि दोन वर्षांहून अधिक अनुभव मान्य झाला तर लेखी परीक्षेनंतर थेट जी वर्गाची अंतिम चाचणी देता येते. हा कागद येथून मागवण्यात बराच वेळ जातो.