समाईक फॉरमॅटिंगचे नियम सर्व एक्सएसएलटी स्टाइलशीटना आपोआप कसे लागू करावेत?

बिल, पावती आणि खातेउतारा यांच्या स्वतंत्र एक्सएसएलटी स्टाइलशीटमध्ये (एक्सएमएल डेटा कोणत्या रूपात छापायचा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) रक्कम व तारीख छापण्याचा नियम प्रत्येक ठिकाणी कॉपी केलेला आहे, तो एकदाच लिहून सगळीकडे लागू व्हावा, असे आपण विचारले आहे. नियम वेगळ्या फाइलमध्ये काढणे सोपे असते. तो आपोआप लागू होत नाही, याचे कारण बहुतेक वेळा ‘व्हॅल्यू-ऑफ’ हे असते. ही सूचना नोडमधला (एक्सएमएलमधल्या घटकातला) मजकूर थेट छापते आणि टेम्प्लेट, म्हणजे तो कसा छापायचा याचा नियम, शोधतच नाही. म्हणून समाईक फाइलमध्ये ‘रक्कम’ या एलिमेंटसाठी मॅच टेम्प्लेट (जुळणाऱ्या नोडला लागू होणारे टेम्प्लेट) लिहावे आणि मूळ स्टाइलशीटमध्ये जिथे जिथे ‘व्हॅल्यू-ऑफ’ आहे, तिथे जुळणारे टेम्प्लेट शोधून लावणारी ‘अप्लाय-टेम्प्लेट्स’ ही सूचना घालावी.

समाईक फाइल जोडताना ‘इन्क्लूड’ऐवजी ‘इम्पोर्ट’ वापरावे, असे माझे ठाम मत आहे. इम्पोर्ट केलेल्या नियमाचा मान आयात करणाऱ्या फाइलमधल्या नियमापेक्षा नेहमीच खालचा असतो, त्यामुळे एखाद्या पावतीला वेगळी मांडणी हवी असेल तर तेवढेच टेम्प्लेट तिथे लिहिता येते आणि त्यातून ‘अप्लाय-इम्पोर्ट्स’ने मूळ नियमही बोलावता येतो. ‘इन्क्लूड’मध्ये दोन्ही नियम एकाच पातळीवर येतात आणि प्रायॉरिटीचे आकडे सांभाळत बसावे लागते.

एका कामात माझ्या बिलाच्या सर्व ओळी १२,३४,५६७.०० अशा नीट छापल्या गेल्या, पण एकूण रक्कम मात्र स्वल्पविरामाशिवाय आली. ‘सम’ या फंक्शनने काढलेली बेरीज हा नोड नसतो, त्यामुळे एक्सएसएलटीच्या १.० आणि २.० आवृत्त्यांमध्ये तिला मॅच टेम्प्लेट लागूच पडत नाही. तिच्यासाठी समाईक फाइलमध्येच नाव दिलेले टेम्प्लेट ठेवावे आणि ‘रक्कम’च्या टेम्प्लेटनेही तेच बोलवावे.

लाख-कोटींच्या स्वल्पविरामांची अडचणही तिथेच सुटते. २००७ च्या २.० आवृत्तीपासून ‘फॉरमॅट-नंबर’ या फंक्शनला ##,##,##,##0.00 असा साचा देता येतो. देवनागरी अंक हवे असतील तर ‘डेसिमल-फॉरमॅट’मध्ये शून्याचा अंक म्हणून ‘०’ सांगावा लागतो आणि साच्यातही तोच लिहावा लागतो. १९९९ च्या १.० आवृत्तीत हे फंक्शन जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या डेसिमलफॉरमॅटवर बेतलेले आहे, आणि तिथे शेवटच्या स्वल्पविरामानंतरच्या अंकांची संख्याच सगळीकडे धरली जाते. त्यामुळे तीच रक्कम १,२३४,५६७.०० अशी छापली जाते. आपल्याला १.० वरच राहावे लागणार असेल, तर शेवटचे तीन अंक वेगळे काढून उरलेल्यांचे दोन-दोनचे गट पाडणारे रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारे) टेम्प्लेट त्याच समाईक फाइलमध्ये लिहावे.