गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तालुक्यालाच घ्यावं की सरळ नागपूर गाठावं?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहाटे चारला बाबांच्या छातीत दुखायला लागलं, पाचला तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी निघाला. डॉक्टर इंजेक्शन देतो म्हणाले, पण कागदावर 'मेंदूत रक्तस्राव' वाचून तुमचा हात थांबला आणि तुम्ही नागपूरला निघालात. स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी जाळी, पडला साडेदहाला. आता हृदयाचं पंपिंग 35 टक्के आहे, आणि आपलं चुकलं का हे तुम्हाला खातंय.

मी यवतमाळ जिल्ह्यात अशाच एका सरकारी रुग्णालयात 14 वर्षं सिस्टर आहे. खरं तेच सांगते. इंजेक्शन तिथंच घ्यायला हवं होतं. पण त्यानं पंपिंग किती वाचलं असतं, हे कोणताही डॉक्टर छातीठोक सांगू शकणार नाही. आणि पहाटे पाचला, बाप घामानं भिजलेला असताना, तो कागद समजावून सांगणं हे आम्हा दवाखान्यातल्या लोकांचं काम होतं.

गुठळीनं हृदयाची नळी बंद पडली की पुढचं मांस मरायला लागतं. ईसीजीत अटॅक दिसल्यापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्यानं नळी उघडून स्टेंट बसवणं, होणार असेल तर तीच उत्तम. आपल्याकडून नागपूर म्हणजे रस्त्यातच तीन तास, म्हणून आधी इंजेक्शन, मग गाडी. दुखणं सुरू होऊन 12 तास उलटायच्या आत ते देतात, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांतच. 1988 साली आलेल्या आयसिस-2 या अभ्यासात 17,187 रुग्ण होते. ज्यांना स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं औषध आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळालं त्यांच्यात पाच आठवड्यांत 8 टक्के दगावले, ज्यांना दोन्ही नाही मिळालं त्यांच्यात 13.2 टक्के.

रक्तस्रावाची भीती खोटी नाही. शंभरात साधारण एकाच्या मेंदूत रक्त उतरतं. म्हणूनच आम्ही आधी विचारतो: कधी लकवा मारला होता का, डोक्याला मार लागला का, एवढ्यात ऑपरेशन झालं का, संडासवाटे रक्त जातं का. यातलं काही लपवू नका.

मागच्या कापूस वेचणीत एक म्हातारे कास्तकार आले होते, बाहीला अजून कापूस चिकटलेला. घरचे म्हणत होते, "गॅस असन, सिस्टर." टेनेक्टेप्लेज, म्हणजे गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची बाटली जोरात हलवायची नसते, फेस होतो; हळूहळू गोल फिरवत पावडर विरघळवली. वजनाप्रमाणे डोस काढला आणि दहा सेकंदांत शिरेतून दिला. मग मॉनिटरवरून नजर काढली नाही. पाऊण तासाच्या आसपास ठोके एकदम वेडेवाकडे झाले, मुलगा रडायला लागला. नळी उघडताना असं होतं, हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. थोड्या वेळानं म्हातारे म्हणाले, "बाई, आता दुखत नाई." दीड तासानं काढलेल्या ईसीजीत वर चढलेली रेघ खाली आली होती.

तरी त्यांना नागपूरला पाठवलंच. गुठळी विरघळते, पण नळीतला अरुंदपणा तसाच राहतो, आणि सगळ्यांची नळी इंजेक्शननं उघडतही नाही. अँजिओग्राफी, म्हणजे रंग सोडून नळ्यांची तपासणी, पुढच्या 24 तासांत व्हावी लागते.

शेजारच्या काकूंच्या फुप्फुसात गुठळी होती तेव्हा हेच इंजेक्शन का दिलं नाही, असंही तुम्ही विचारलंय. तिथं हिशोब वेगळा असतो. ती गुठळी बहुतेकदा पायाच्या शिरेतून सुटून वर जाते; प्लास्टरमधला पाय, बाळंतपण, ऑपरेशन यांच्यानंतर धोका जास्त. बीपी टिकून असेल तर हेपारिनवर, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर ठेवतात, शरीर गुठळी हळूहळू स्वतः विरघळवतं. वरचं बीपी 90 च्या खाली कोसळलं तरच विरघळवणारं औषध, कारण तिथं जीवच पणाला लागलेला असतो. काकूंचं पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं म्हणता, तर डॉक्टरांनी हात आवरला ते बरोबरच.

बाबांचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा करून घ्या. अटॅकनंतर काही मांस मेलेलं नसतं, नुसतं सुन्न पडलेलं असतं. ते सावरलं की पंपिंग वाढतं. तोवर एकही गोळी चुकवू नका, आणि पायावर सूज आली किंवा रात्री आडवं पडल्यावर दम लागला तर त्याच दिवशी दाखवा.